तेल खाणारे बॅक्टेरिया, की बीएड?

नमस्कार ताई,

तुमची मुलगी फोंड्याला टीवायबीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे, तिला प्रदूषण खाणाऱ्या बॅक्टेरियांचं जीनोम सिक्वेन्सिंग (म्हणजे त्यांच्या सगळ्या डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणं) करायचंय, घरचे म्हणतात बीएड कर, आणि मधेच कुणीतरी जीनोमिक्सचा महागडा ऑनलाइन कोर्स सुचवलाय. कोर्सचे पैसे आधी भरू नका.

कारण सिक्वेन्सिंग मशीन करतं हो. बऱ्याच लॅब डीएनए काढून बाहेर पाठवतात आणि डेटा परत येतो, खरं काम त्यानंतर सुरू होतं. पावसाच्या तोंडावर कोलवा, मोरजीला ते डांबराचे गोळे येतात ना, पायाला चिकटले की निघता निघत नाहीत, तसलं तेल फोडणारे बॅक्टेरिया समुद्रात असतात. अल्कॅनिवोरॅक्स बॉर्क्युमेन्सिस त्यातला नावाजलेला, २००६ मध्ये त्याचा जीनोम छापून आला, साधारण ३१ लाख अक्षरांचा. त्यात अल्क-बी नावाचा जीन आहे, त्यापासून बनणारं एन्झाइम तेलातल्या अल्केनच्या, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या, साखळीला ऑक्सिजन जोडतं आणि तिथून ती साखळी तुटायला लागते. पण जीन दिसला म्हणजे बॅक्टेरिया तेल खातोच असं नाही, फ्लास्कमध्ये वाढवून शेवटी तेल किती उरलं ते जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ या मशीनवर) मोजावं लागतं. कॉम्प्युटरवर जीन शोधणं आणि लॅबमधलं काम, दोन्ही येणारी मुलं मला फार कमी भेटतात, मायक्रोवाले लिनक्सची काळी स्क्रीन बघून पळतात आणि कॉम्प्युटरवाल्यांना प्लेट स्ट्रीक करता, म्हणजे बॅक्टेरिया प्लेटवर पसरून वाढवता येत नाही (आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही!).

तिला सांगा, या सुट्टीत एनसीबीआय या जीनोमच्या सरकारी अमेरिकन साइटवरून हाच जीनोम फुकट उतरवून घे, गॅलॅक्सी या फुकट वेबसाइटवर अॅनोटेशन कर (म्हणजे कुठला जीन कुठे आहे त्याच्या खुणा कर), अल्क-बी स्वतः शोध. साधा लॅपटॉप पुरतो. यात आठवडाभरात कंटाळली तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

पुढे एमएस्सीसाठी गोवा विद्यापीठात मायक्रोबायोलॉजी आहे, मरीन बायोटेक हवं तर गॅट-बी या प्रवेश परीक्षेचा अभ्यास आत्तापासून धरावा लागेल. दोनापावलाला एनआयओ ही समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे प्रोजेक्ट मिळाला तर सोडू नये.

नोकरीचं स्पष्ट बोलतो. नुसत्या एमएस्सीवर गोव्यात जास्त करून फार्मा कंपन्यांच्या क्यूसीमध्येच (औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) काम मिळतं. जीनोमचं काम हवं तर पीएचडी करावी लागेल, बाहेर जायची तयारीही हवी. नेट परीक्षा काढून जेआरएफ (पीएचडी करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप) मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० मिळतात, म्हणजे घरावर भार नाही. बीएड एमएस्सीनंतरही करता येतं, ते घरच्यांना सांगा.