मन निवळायची वाट पाहू नकोस

प्रिय पोरी,

प्रभूच्या नावात सलाम.

ज्या काकांनी तुला चारचौघांत बोलून गायन मंडळातून काढलं, त्यांचीच बायको आज इस्पितळात आहे आणि डब्याची पाळी तुझ्यावर आली आहे. तू विचारतेस, मनात काडीचीही प्रीती नसताना डबा नेला तर ते ढोंग नाही का?

नाही. लोकांनी पाहावं म्हणून करतात ते ढोंग. मन नसताना आज्ञा पाळणं याला ढोंग म्हणायला तुम्हाला कोणी शिकवलं, देव जाणे.

बायबलातल्या निर्गमाचा 23वा अध्याय काढ, वचन चार आणि पाच. शत्रूचं गाढव भटकताना दिसलं तर त्याच्याकडे पोहोचव. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर तसंच सोडून जाऊ नकोस, त्याला हात दे. आधी मन साफ कर आणि मग हात लाव, असं तिथे कुठे लिहिलंय? तुझं मन निवळेस्तोवर ते जनावर मरेल. ओझं उचल. आणि ते एकटीने उचलता येत नाही. पलीकडच्या बाजूला तोच माणूस असतो, ज्याचं तोंड पाहायची इच्छा नसते.

शेजाऱ्यावर प्रीती कर, ही आज्ञा लेवीय 19च्या अठराव्या वचनात येते. तिच्या आधी काय काय आहे ते वाच. शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी राहू दे. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नकोस. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नकोस. मजुरी द्यायला उमाळा यावा लागतो का? वाटेत लुटून अर्धमेला टाकलेल्या माणसाला पाहून परक्या जमातीच्या शोमरोन्याला कळवळा आला, एवढं सांगून शुभवर्तमान लिहिणारा लूक लगेच तेल, द्राक्षारस, पट्ट्या, उतारशाळा आणि दोन दीनारांवर येतो. ‘शत्रूंवर प्रीती करा’ म्हणताना प्रभूही त्याच दमात म्हणतो, द्वेष करणाऱ्यांचं बरं करा. करा!

भावकीतल्या एकाने आमचा बांध कोरला, कोर्टकचेरी झाली. त्याच काळात एका रात्री त्याच्या आईला मी जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. पुढची तारीखही सोडली नाही. गावाने दोन्हीवरून नावं ठेवली. आधी कर, मन मागून येतं, असं आमचे पाळक सांगायचे. माझं आलं नाही, याची खंत आहे. पण म्हातारी वेळेत पोहोचली. मला हट्टी म्हणतात, म्हणोत. आजही तसंच करीन.

त्याच लेवीय 19मध्ये सतरावं वचन आहे: मनात द्वेष धरू नकोस, शेजाऱ्याला त्याचा दोष तोंडावर सांग. म्हणून अपमान गिळायचं कारण नाही. फक्त इस्पितळात तो विषय काढू नकोस. काकू घरी आल्या की पंचांसमोर काढ, काका समोर असताना. मी शेजारी बसेन. तोवर ओझं उचल. डब्यात तिखट बेताचं घाल, आणि त्या काकांसाठीही दोन पोळ्या जास्त ठेव.

तुझा,
मामा