फिजिओ रोज येतात, मग फरक का नाही?

"दवाखान्यातनं घरी आणून दीड महिना झाला. फिजिओ रोज येत्यात, वीस मिनिटं हातपाय हलवून जात्यात. वडलांच्यात काय फरक नाही. अजून दवाखान्यात ठेवायला पाहिजे होतं का?"

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलाचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडील साठीचे, डाव्या अंगावरून वारं गेलेलं. असाच प्रश्न सांगली-मिरजेहून रुग्ण घरी नेलेल्या अनेक कुटुंबांचा असतो. बहुतेक वेळा दवाखान्यात आणखी ठेवून फार काही साधलं नसतं. उरलेल्या तेवीस तासांत घरात काय चालतं, ते आधी बघावं लागतं.

म्हणून मुलाला एका दिवसाचा कागद लिहून आणायला सांगितलं: सकाळी सहा ते रात्री दहा, वडिलांनी स्वतः काय केलं आणि त्यांच्यासाठी दुसऱ्यांनी काय केलं. स्वतः केलेल्या कामांचा रकाना जवळजवळ रिकामा आला. जेवण आई भरवते, तोंड आई धुते, सदऱ्याची बटणं आई लावते. उजवा हात धडधाकट असून त्यालाही काम नाही. आईची माया खरी आहे आणि थकवाही खरा आहे, त्यामुळे इथे कुणाला दोष देऊन चालत नाही. पण मेंदू नव्यानं शिकतो तो काम पुन्हा पुन्हा करून, आणि सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. कुणी हात हलवून दिला तर सांधे मोकळे राहतात. तेही हवंच, पण त्यातून वडील चालायला शिकत नाहीत.

दुसरी गोष्ट कॉटवरून उठवतानाच्या व्हिडिओत दिसली. मुलगा आणि रुग्ण सांभाळायला ब्युरोतून आलेल्या मावशी दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून त्यांना ओढत होते. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडतात, दंडाचं हाड खोबणीतून खाली सरकतं आणि खांद्याच्या टोकाखाली बोट बसेल एवढी पोकळी लागते. अशा खांद्याला ओढ बसली की तो दुखू लागतो. मग रात्री झोप नाही, सकाळी व्यायामाला नकार, आणि घरचे म्हणतात "हे मनावरच घेत नाहीत." या वडिलांचं नेमकं हेच झालं होतं. घरी दोर-कप्पी लावून दुखरा हात वर खेचण्याचा व्यायाम चालला होता, तोही लगेच बंद करायला सांगितला. त्यानं खांदा आणखी बिघडतो.

उठवण्याची रीत फिजिओंकडून घरच्यांनी समोरासमोर शिकून घेतली. खुर्ची चांगल्या, म्हणजे उजव्या बाजूला. कॉटची उंची अशी की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. पाय थोडे मागे, गुडघ्यांच्या रेषेमागे. कमरेला रुंद, मजबूत पट्टा, आणि धरायचं ते पट्ट्याला. रुग्णानं पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की उठायचं. हेच उठणं-बसणं दिवसातून चार वेळा, दर वेळी पाच ते दहादा, सोबत माणूस ठेवून. दम लागला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली की थांबायचं. बसल्यावर डावा हात लोंबकळू द्यायचा नाही, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवायचा.

स्पंजचा चेंडू दाबण्याबद्दलही विचारतात. मूठ आवळण्याची ताकद बहुतेकांना आधी येते, अवघड जातं ते बोटं उघडणं. या घरात बेदाण्याला तोटा नव्हता. बोटांत थोडी हालचाल आल्यावर एका वाटीतला बेदाणा उचलून दुसऱ्या वाटीत सोडायचा, हा खेळ फिजिओंनी दिला. सोडताना बोटं उघडावीच लागतात.

खाण्यापिण्यात हयगय चालत नाही. आडवं ठेवून चहा पाजला की ठसका लागतो, आणि तो चहा फुफ्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. ताठ बसवून, छोटे घोट, जेवणानंतर अर्धा तास बसूनच. घोट गिळल्यावर "आ" म्हणायला लावा. आवाज ओला, घरघरता आला तर भरवणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.

फिजिओ बदलावेत का? आधी विचारून बघा. "सर, येत्या दोन आठवड्यांत वडिलांना स्वतःहून काय जमायला हवं?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला फिजिओ नेमकं काम सांगतो, घरच्यांना शिकवतो, लिहून ठेवतो आणि दोन आठवड्यांनी तेच पुन्हा मोजतो. त्यासाठी बार्थेल निर्देशांक नावाची सोपी मोजणी आहे: जेवण, अंघोळ, संडास, कॉटवरून खुर्चीत जाणं, जिना अशी 10 कामं, एकूण गुण 100. "हळूहळू होईल" एवढंच उत्तर वारंवार मिळत असेल, तर दुसरा माणूस बघायला हरकत नाही. महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, हेही विचारावं.

या घरात फिजिओ तेच राहिले. रोजच्याऐवजी आठवड्यातून तीनदा येऊ लागले, पण प्रत्येक वेळी पाऊण तास, आणि मधल्या दिवसांचं काम कालनिर्णयच्या पानावर लिहून. वडील उजव्या हातानं जेवू लागले, काठी घेऊन अंगणापर्यंत जाऊ लागले. डावा हात अजून कामाचा झालेला नाही, आणि छाटणीची कात्री धरता येईल असा शब्द कुणी त्यांना दिलेला नाही. त्यांच्या रडण्याकडे मात्र आम्ही डॉक्टरांचं लक्ष वेधलं. लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. आईला रात्री झोप मिळावी म्हणून मावशींची पाळी दिवसाऐवजी रात्रीची केली.

भेटायला येणारे कबुतराचा रस्सा सांगतात, गावठी इंजेक्शन सांगतात. कुणाचंही ऐकून बीपीची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी बंद करू नका. एकाच पोटरीला सूज, तापासोबत खोकला किंवा माकडहाडावर न जाणारा लाल डाग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड नव्यानं वाकडं झालं, बोलणं अडखळलं, चांगला हातही गळला किंवा अचानक धाप लागली, तर फिजिओंची वाट न बघता 108 ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लागू असेल तर ते सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.