चूर्ण, पॅच आणि आधीच्या गोळ्या

प्रश्न : माझे वय ४७ आहे. गेल्या दीड वर्षापासून पाळीचा हिशेब राहिलेला नाही; कधी वीस दिवसांनी येते, कधी दोन महिने येत नाही, आणि आली की आठ-नऊ दिवस खूप अंगावरून जाते. रात्री घामाने कपडे भिजतात, पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. अकरा वर्षांपासून थायरॉईडची गोळी आणि तीन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. तरुणपणापासून अर्धशिशी आहे. डोके दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. त्यामुळेच पंचविशीत मला गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नका असे सांगितले होते. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, वयाचा भाग आहे, सहन करा. स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) आणि सोबत प्रोजेस्टेरॉनची गोळी सुचवली. थोरली बहीण म्हणते की हार्मोनने कॅन्सर होतो. आमच्या मावशीला ६८व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. बहिणीने स्वतःला गुण आलेले चूर्ण मला दिले आहे, त्यात अश्वगंधा, ज्येष्ठमध, शतावरी आणि आणखी काही आहे. दोन महिने घेते आहे, डॉक्टरांना सांगितलेले नाही. अलीकडे छातीत धडधडते, तो या वयाचाच भाग असावा. मी कोणाचे ऐकू?

उत्तर :

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मलाही तो बहीण विरुद्ध डॉक्टर असाच पेच वाटला. दुसऱ्या वाचनात नजर अडली ती तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या वाक्यावर, त्या धडधडीवर. म्हणून कोणाचे ऐकायचे या प्रश्नाकडे मी जरा उशिरा येणार आहे.

पाळी जाण्याच्या काळात धडधड होते, हे खरे आहे. पण तुमच्या बाबतीत ती आणखी दोन-तीन वाटांनी आलेली असू शकते आणि त्यातल्या दोन वाटा त्या चूर्णाच्या डबीतून निघतात. अश्वगंधा काही जणांमध्ये थायरॉईड हार्मोनची पातळी वाढवते. जी स्त्री आधीच थायरॉईडची गोळी बाहेरून घेते आहे, तिच्या शरीरात त्यामुळे हार्मोन गरजेपेक्षा जास्त होऊ शकते, आणि जास्त झालेल्या थायरॉईडची लक्षणे म्हणजे धडधड, घाम, चिडचिड आणि उडालेली झोप. ही यादी तुमच्या पत्रातल्या तक्रारींशी किती जुळते, ते पाहा. ज्येष्ठमधाचे काम वेगळे आहे. ते रोज पोटात गेले तर शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि रक्तातले पोटॅशियम घटते. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल तर पोटॅशियम आणखी खाली जाते, आणि ते फार कमी झाले की हृदयाचे ठोके बिघडतात. तिसरी शक्यता चूर्णाबाहेरची आहे. इतके दिवस इतके रक्त गेल्यावर अंगातले लोह संपलेले असू शकते, आणि रक्त कमी झाले की हृदयाला जास्त धावावे लागते.

तेव्हा चूर्ण आजपासून थांबवा. थायरॉईडची आणि रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब मोजून घ्या, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), पोटॅशियम, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या, आणि हृदयाचा आलेख काढायला सांगा. यकृताचे नाव घेतले, कारण अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्या विरळ आहेत, पण डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर वाट पाहू नये. धडधडीबरोबर चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर आठवडाही थांबायचे नाही, त्याच दिवशी जायचे.

एवढे झाल्यावर रक्तस्रावाकडे वळा. अनियमित पाळी या वयाला धरून आहे, कारण दर महिन्याला बीज बाहेर पडतेच असे नाही. ते पडले नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनच्या जोरावर गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि मग ते एकदम, भरपूर जाते. पण पंचेचाळिशीनंतर बदललेला आणि वाढलेला रक्तस्राव वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास अस्तराचा तुकडा तपासणे हे हार्मोन सुरू करण्याच्या आधीचे काम आहे, कारण मूळ न कळलेला रक्तस्राव चालू असताना हार्मोन देत नाहीत. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी हे आधीच केले असेल तर उत्तम. पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियमलाही हाच नियम लागू आहे.

आता बहिणीच्या भीतीकडे येते. ती हवेतून आलेली नाही. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मुदतीआधीच थांबवला गेला, आणि हार्मोन म्हणजे कॅन्सर हे समीकरण तेव्हापासून जगभर लोकांच्या मनात बसले. त्या भागात १६,६०८ स्त्रिया होत्या. वय ५० ते ७९, सरासरी ६३. त्यांना घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची आणि एका कृत्रिम प्रोजेस्टोजेनची (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणाऱ्या द्रव्याची) एकत्रित गोळी दिली जात होती. निष्क्रिय, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे ३० रुग्ण आढळत, तर हार्मोन घेणाऱ्यांत ३८. म्हणजे धोका वाढला हे खरे, आणि तो दहा हजारांत वर्षाला आठ इतका वाढला हेही खरे. गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना फक्त इस्ट्रोजेन दिले गेले, त्यांच्यात तो वाढला नाही. तुम्ही ६३ वर्षांच्या नाही, आणि तुम्हाला सुचवलेले औषधही ते नाही. साठीच्या आत किंवा पाळी बंद झाल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केला, तर बहुतेक निरोगी स्त्रियांच्या बाबतीत फायद्याचे पारडे जड राहते. धोका शून्य आहे असे मी म्हणणार नाही; एकत्रित हार्मोन जितकी वर्षे घ्याल तितका तो वाढत जातो, आणि म्हणूनच दरवर्षी पुन्हा बसून विचार करायचा असतो. एका मावशीला ६८व्या वर्षी झालेल्या कॅन्सरमुळे तुमचा धोका फारसा वाढत नाही. मात्र आई, बहीण किंवा आणखी कोणाला तरुण वयात स्तनाचा वा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल, तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर सांगा, आणि मॅमोग्राफी राहिली असेल तर करून घ्या.

पंचविशीत गर्भनिरोधक गोळीला ज्या कारणाने नकार मिळाला, त्याच कारणाने आता पॅच कसा चालेल, ही तुमची न लिहिलेली शंका मला पत्रात दिसते, आणि ती अगदी रास्त आहे. डोळ्यांसमोर रेषा येणारी अर्धशिशी ज्यांना असते, त्यांना पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त असतो, आणि एकत्रित गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनने तो आणखी वाढतो. पाळी जाण्याच्या काळातला उपचार याहून वेगळा आहे: त्याची मात्रा पुष्कळ कमी असते, आणि पॅच किंवा जेल लावले तर इस्ट्रोजेन आधी यकृतातून न जाता त्वचेतून सरळ रक्तात उतरते. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन यकृताला रक्त गोठवणारी द्रव्ये जास्त बनवायला लावते. नेहमीच्या मात्रेतल्या पॅचने गुठळीचा धोका वाढल्याचे दिसलेले नाही. शिवाय अर्धशिशीला इस्ट्रोजेनची चढउतार मानवत नाही, आणि पॅचने पातळी बरीचशी स्थिर राहते. म्हणून तुमच्यासारखीला कमी मात्रेच्या पॅचपासून सुरुवात करतात. पॅचनंतर त्या रेषा वाढल्या किंवा नव्या तऱ्हेच्या दिसू लागल्या, तर मात्रा बदलावी लागते. बोलताना जीभ अडखळली किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर ती अर्धशिशी समजून घरी झोपून राहायचे नाही.

तुमच्या थायरॉईडच्या बाजूनेही पॅचच बरा. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात थायरॉईड हार्मोनला धरून ठेवणारे प्रथिन वाढते आणि मग गोळीची मात्रा वाढवावी लागू शकते. पॅचने हा गोंधळ सहसा होत नाही. तरीही उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पाहून घ्यावे. रक्तदाब आटोक्यात असेल तर तो पॅचच्या आड येत नाही, आणि आटोक्यात नसेल तर आधी तो आणायचा. हे सारे पाहता, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी पॅच सुचवला तो तुमची आधीची दुखणी विचारात घेऊनच, असे मला वाटते. त्यांनी ते तुम्हाला समजावून सांगितले असते तर हे पत्र कदाचित आलेच नसते.

प्रोजेस्टेरॉनची गोळी मात्र पॅचची जोडीदार आहे, ती वगळायची नाही. गर्भाशय असलेल्या स्त्रीने एकटे इस्ट्रोजेन घेतले तर अस्तर वाढत जाते आणि पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकतो. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनने झोप येते, म्हणून ते रात्री घेतात, आणि पहाटे तीनला जागणारीला हा दुष्परिणाम गोडच वाटावा. रक्तस्राव फार असेल तर हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी साधने गर्भाशयात बसवतात. त्यातली जास्त मात्रेची साधने रक्तस्रावही कमी करतात आणि अस्तराचे रक्षणही करतात, त्याबद्दल अवश्य विचारा. आणि एक गोष्ट, जी या वयात कोणी बोलत नाही : पॅच हे गर्भनिरोधक नाही. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली तर त्यानंतर दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर आली तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

वनस्पतींना मी तुच्छ लेखत नाही. पण वनस्पतीत औषधी गुण आहे असे म्हणायचे आणि त्याच दमात तिचा काही अपाय नाही असेही म्हणायचे, हे मला पटत नाही; जिच्यात गुण आहे ती शरीरात काहीतरी करते, आणि दुसऱ्या औषधाच्या कामात हातही घालते. सोयाबीन आणि लाल क्लोव्हरमधल्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांनी काही स्त्रियांच्या गरम वाफा, म्हणजे अंगात अचानक उसळणारी उष्णता आणि घाम, थोड्या कमी होतात. ब्लॅक कोहोश या वनस्पतीबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, आणि त्यानेही क्वचित यकृताला इजा झाली आहे. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीपासून तर तुम्ही दूरच राहा, कारण ते यकृतात कितीतरी औषधांचा निचरा वेगाने करवते आणि नैराश्यावरच्या गोळ्यांबरोबर घेतले तर घातक ठरू शकते. शतावरीवर पाळी जाण्याच्या काळासाठी भरवसा ठेवावा इतका पुरावा नाही. तुमच्या डबीतले 'आणखी काही' मला सर्वांत जास्त खटकते, कारण ज्याचे नाव ठाऊक नाही त्याची तुमच्या गोळ्यांशी गाठ कशी पडेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

मग बहिणीला गुण कसा आला? कदाचित चूर्णाचाच असेल. पण तोंडाने घ्यायच्या हार्मोनच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा निष्क्रिय गोळीच्या तुलनेत गरम वाफांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटलेली आढळली, आणि गंमत म्हणजे निष्क्रिय गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या वाफाही निम्म्याहून अधिक कमी झाल्या होत्या. हा त्रास आपला आपणही ओसरतो. बहीण खोटे बोलत नाही. फक्त तिला थायरॉईड, रक्तदाब आणि अर्धशिशी आहे का, ते तुम्ही लिहिलेले नाही.

तपासण्यांनंतरही तुमचे मन हार्मोनला राजी झाले नाही, तर त्यात काही चूक नाही. गरम वाफांवर नैराश्यावरील काही औषधे कमी मात्रेत चालतात, मात्र त्यातल्या व्हेन्लाफॅक्सीनने रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा तुमच्यासाठी निवड जपून करावी लागेल. गॅबापेन्टिन हे मुळात फिट्सवरचे औषध रात्री घेतले तर झोपेलाही मदत होते. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले फेझोलिनेटंट हे हार्मोनविरहित औषध मेंदूतल्या तापमान-नियंत्रणावर काम करते, पण ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. विचार आणि सवयी बदलण्याच्या वर्तणूक उपचाराने घाम थांबत नाही, पण त्याचा जाच आणि निद्रानाश कमी होतो. त्याचा तुमच्या कोणत्याही गोळीशी संघर्ष नाही, म्हणून तो पॅचच्या जोडीलाही घेता येईल.

कोणाचे ऐकू, असे तुम्ही विचारलेत. माझ्या मते तुम्ही आजवर प्रत्येकाला अर्धीच हकीकत सांगितली आहे, त्यामुळे प्रत्येकाचे उत्तरही अर्धेच आहे. एका कागदावर तुम्ही पोटात घेता ते सगळे लिहा, मात्रेसह आणि वेळेसह, डोकेदुखीची गोळी महिन्यातून किती वेळा घेता तेही. चूर्णाची डबी सोबत न्या. दोन महिने लपवले याची लाज वाटेल. पण डॉक्टरांना हे नवे नसते, आणि कोणी रागावलेच तर तो राग पाच मिनिटांचा असतो. 'सहन करा' म्हणणाऱ्या डॉक्टरांना शांतपणे सांगा की धडधडीचे कारण शोधून हवे आहे. त्यांनी तेही टाळले तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हार्मोनची रक्तचाचणी कोणी सुचवली तर ती कशासाठी, ते विचारा. पंचेचाळिशीनंतर लक्षणांवरूनच निदान होते, आणि ती पातळी आज एक तर उद्या दुसरीच असते.

उपचार ठरला की एका वेळी एकच गोष्ट सुरू करा आणि तिला तीन महिने द्या. रोज रात्री दोन ओळी लिहा : किती वाफा आल्या, किती तास झोप लागली, डोके दुखले का, रक्तस्राव किती झाला. बहिणीला चूर्णाची डबी परत करताना सांगा की ते तुमच्या गोळ्यांना मानवत नाही. ते वाईट आहे असे म्हणण्याची गरज नाही. आणि तपासण्यांत टीएसएच किंवा पोटॅशियम बिघडलेले निघाले, तर पॅचचा निर्णय ते जागेवर येईपर्यंत पुढे ढकला, कारण तोवर तुमचा कोणता घाम पाळीचा आणि कोणता चूर्णाचा, हे कोणालाच कळणार नाही.

तुमची,
ताई