कंपनीच्या डॉक्टरने 'फिट' लिहिलं आणि पैसे बंद झाले, आता काय करायचं?

ताई, तुमचं सगळं वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. रावेर तालुक्यातलं कुटुंब, मिस्टर ३६ वर्षांचे, सावद्याहून केळीची पिकअप चालवायचे, खर्च जाता महिन्याला १८ हजार सुटायचे. चार महिन्यांपूर्वी भुसावळहून जळगावला स्वतःच्या कारने जाताना राँग साइडने आलेल्या ट्रकने उडवलं, डाव्या पायाच्या नडगीत रॉड टाकलाय. त्यांची वेगळी पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी होती, तिचे दर आठवड्याचे पैसे चालू झाले, मग कंपनीने आपल्या डॉक्टरकडे बोलावलं, त्याने टेबलापासून दारापर्यंत चालायला लावलं, 'फिट' लिहिलं आणि पैसे बंद. त्यात आता ट्रकच्या विमा कंपनीचा माणूस फोन करतोय की नाशिकला आमच्या डॉक्टरला दाखवा, ओरिजिनल फाइल आणा, लगेच सेटलमेंट करून टाकू.

ताई, या दोन कंपन्या आहेत आणि दोघींशी तुमचं नातं वेगवेगळं आहे, हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण तुमच्या पत्रात दोन्हींची सरमिसळ झालीये.

पहिली तुमची स्वतःची. तिथे तुम्ही प्रीमियम भरलाय, करार केलाय आणि अशा पॉलिसीत बहुतेक वेळा अट असतेच की कंपनी सांगेल तेव्हा तिच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. त्यामुळे मिस्टर गेले ते बरोबरच केलं, न गेले असते तर त्याच कारणावरून क्लेम अडवला असता. पण तपासायला जाणं वेगळं आणि त्या डॉक्टरचं म्हणणं मान्य करणं वेगळं. दारापर्यंत चालता येतं म्हणजे पिकअप चालवता येते असं नाही ना! क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो, केळीचा माल भरून घाटात गाडी असेल तर किती वेळा दाबावा लागतो हे तुमच्या मिस्टरांना विचारा. ज्या हाडांच्या डॉक्टरने ऑपरेशन केलं त्यांच्याकडून लेखी घ्या, आणि त्यात नुसतं 'विश्रांतीची गरज' नको, तर पाय किती वाकतो, किती वजन पेलतो, क्लच दाबता येतो का, जड गाडी अजून किती दिवस चालवायची नाही हे स्पष्ट पाहिजे, सोबत नवा एक्स-रे. ते जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या आणि कंपनीच्या डॉक्टरच्या रिपोर्टची कॉपी मागा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, फक्त एका वर्षाच्या आत जायचं. नाहीतर जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे मुदत दोन वर्षं. एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो, मिस्टर मधल्या काळात कुणाची गाडी चालवत असतील तर ते लपवू नका. कंपनीचे इन्व्हेस्टिगेटर फोटो काढतात आणि मग खरा त्रास असला तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

आता दुसरी, ट्रकवाल्याची कंपनी. तिच्याशी तुमचा काहीच करार नाही, त्यामुळे ती फोनवर म्हणते म्हणून नाशिकला जायचं बंधन तुमच्यावर नाही, आणि नाही गेलात तर हक्क जात नाही. तिला पायाबद्दल शंका असेल तर तिने ट्रिब्युनलपुढे, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे, अर्ज करावा, ट्रिब्युनल गरज वाटली तर मेडिकल बोर्डाकडे पाठवतं, तिथे मात्र जायचंच. आणि ओरिजिनल बिलं, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे फिल्म कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या कागदावर तर अजिबात सही नको. कंपनीने सेटलमेंटची ऑफर देणं यात बेकायदेशीर काही नाही, कायद्यातच तशी सोय आहे, पण पाय किती सुधारणार हेच अजून ठरलेलं नाही तर कशाच्या आधारावर आकडा मान्य करणार?

ट्रिब्युनलमध्ये भरपाईचा हिशोब कसा होतो तो बघा म्हणजे कंपनीच्या घाईचं कारण कळेल. १८ हजारात चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्याचे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००, त्याला ३६ वयासाठी १५ चा गुणक, म्हणजे ४५,३६,०००. आता कमाईची क्षमता २० टक्के गेली असं ठरलं तर ९,०७,२०० आणि ४० टक्के ठरलं तर १८,१४,४००. दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई, वेदना, पुढचं रॉड काढायचं ऑपरेशन हे सगळं वेगळं. उत्पन्न अर्थात सिद्ध करावं लागतं, म्हणून भाड्याच्या पावत्या, बँकेचे उतारे, व्यापाऱ्यांच्या नोंदी आत्ताच गोळा करा.

तो टक्का कोण ठरवणार हाच खरा झगडा आहे. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितलंय की अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरचा अवयवाचा टक्का म्हणजेच कमाईचा तोटा नाही, माणूस कोणतं काम करतो ते बघायचं. डावा हात गेला तर सरकारी क्लार्कची नोकरी टिकू शकते, ड्रायव्हरचं किंवा सुताराचं जवळपास सगळंच जातं. त्याच निकालात, उपचार न करता तयार सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांपासून सावध राहा असंही ट्रिब्युनलना बजावलंय, त्यामुळे कुणी 'जास्त टक्क्याचं काढून देतो' म्हणालं तर तिथून उठून या. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून रीतसर तपासणी करून घ्या, आणि ऑपरेशन करणारे डॉक्टर साक्षीला येतील का हे आधीच विचारून ठेवा, कारण कंपनीने वाद घातला तर नुसता कागद पुरत नाही. तुमच्या पॉलिसीचे पैसे मिळाले म्हणून ट्रिब्युनलमधली भरपाई कमी होईल अशी भीतीही नको, सुप्रीम कोर्टाच्या १९९८ च्या हेलन रिबेलो निकालानंतर स्वतःच्या विम्याची रक्कम अशी कापत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुदत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली ट्रिब्युनलमधल्या भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिने दिलेत, ती तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तुमचे चार गेले. पोलीस अपघाताचा रिपोर्ट ट्रिब्युनलला पाठवतात म्हणून स्वस्थ बसू नका आणि नाशिकवाल्याच्या 'लगेच करू' वर तर मुळीच नाही. अर्ज तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येतो. वकिलाची फी झेपत नसेल तर जळगावला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. येत्या आठवड्यात पोलीस स्टेशनमधून एफआयआर आणि पंचनाम्याची कॉपी आणा, ट्रकचा नंबर आणि अपघाताच्या दिवशी त्याची पॉलिसी चालू होती का ते बघा आणि अर्ज दाखल करा, अपंगत्वाचं सर्टिफिकेट मागाहून जोडता येतं.