अनुभव आणू कुठून?

प्रश्न : सिस्टरताई, जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे वॉर्डात रुग्णांची देखभाल करणाऱ्या मदतनिसाचा कोर्स झाला. धंतोली-रामदासपेठेतले दहा दवाखाने फिरले, सगळीकडे एकच, ‘अनुभव आहे का?’ तो आणू कुठून?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : फाइल रिसेप्शनवर ठेवून येतेस ना? ती तिथंच पडून राहते, पोरी. मेट्रनला, म्हणजे नर्सच्या प्रमुखाला भेट, सकाळी राउंडच्या गडबडीत नको, दुपारी जा. कोर्समध्ये वॉर्डात काढलेले दिवस हाच तुझा अनुभव. कुठला वॉर्ड, किती दिवस, काय केलं, ते कागदावर लिहून ने.

मुलाखतीत माझ्यासमोर मुली ‘सेवा करीन’ म्हणायच्या. मी विचारायची, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस किती वेळानं बदलायची? ‘दोन तासांनी’ असं पटकन सांगणारीला मी ठेवून घ्यायची. नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ लाव, मोबाइल काढू नकोस. आणि इंजेक्शन येतं अशी फुशारकी नको, ते नोंदणीकृत नर्सचं काम.

हेपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या लशीचे तीन डोस पुरे व्हायला 6 महिने लागतात. पहिला आताच घे. नाइटला हो म्हण, पण घरी परतायची सोय विचारून. मूळ सर्टिफिकेट ठेवून घेतो म्हणाले तर सरळ उठून ये. माझं एकानं आठ महिने अडकवलं होतं.