सेंद्रिय भाजीची साप्ताहिक पेटी चौघांच्या कुटुंबाला परवडते का?

तुमचा प्रश्न असा आहे : पुण्यातले चौघांचे कुटुंब, तुम्ही आणि तुमचे यजमान दोघेही नोकरीला, घरात सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. दर शनिवारी घरपोच येणारी सहा किलोची सेंद्रिय भाजीची पेटी 900 रुपयांना मिळते आणि तेवढीच भाजी मंडईत साधारण निम्म्या पैशांत येते. तर हा जास्तीचा खर्च करावा का, आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून दहा टक्क्यांची सवलत घ्यावी का?

आमच्या घरी गेली काही वर्षे मुळशीकडच्या एका शेतकऱ्याची पेटी येते आणि आमच्या सोसायटीतल्या कुटुंबांची मागणी गोळा करून त्याला कळवण्याचे काम मी करते. त्यामुळे पेटी कोणत्या घराला मानवली, कोणी ती बंद केली आणि कशामुळे, हे मला जवळून पाहायला मिळाले आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, पेटी महाग की स्वस्त हे किलोच्या दरावरून ठरवू नये. तिच्यातली किती भाजी शिजून ताटात जाते, यावरून ठरवावे. सगळी भाजी संपत असेल तर तुमच्यासारख्या घराने पेटी जरूर घ्यावी. आठवड्यामागून आठवडे तिचा चौथा हिस्सा सुकून किंवा सडून जात असेल, तर ती कितीही निगुतीने पिकवलेली असो, तुमच्या घरासाठी ती योग्य नाही.

आकडे मांडून पाहा. 900 रुपयांना सहा किलो म्हणजे किलोला 150 रुपये. दीड किलो वाया गेले तर खाल्लेल्या साडेचार किलोंचा दर 200 रुपये पडतो. मंडईपेक्षा होणारा जादा खर्च आठवड्याला 450 रुपये धरला, तर तो महिन्याला दोन हजारांच्या आसपास जातो, आणि ही रक्कम मध्यमवर्गीय घरात सहज नजरेआड करण्यासारखी नाही. शिवाय सहा किलोंत तुमचे भागणारही नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात असे सांगते, आणि त्यात बटाटा धरलेला नाही. या हिशेबाने चौघांना आठवड्याला 11 किलोंहून थोडे अधिक लागते. मुलीचे प्रमाण कमी धरले तरी फळे, कांदे-बटाटे आणि थोडी भाजी बाहेरून आणावीच लागेल. म्हणून पहिला निकष मी हा ठेवीन : पेटीपायी घरातली फळे किंवा भाजीचे एकूण प्रमाण कमी होणार असेल, तर पेटी घेऊ नका. मंडईतली साधी भाजी पोटभर खाणे हे सेंद्रिय भाजी थोडी थोडी पुरवून खाण्यापेक्षा केव्हाही हिताचे आहे.

आता जास्तीच्या पैशांत नेमके मिळते काय, ते पाहू. जीवनसत्त्वे पुष्कळ जास्त मिळतात असे सांगून कोणी पेटी विकत असेल, तर त्यावर विसंबू नका. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा पोषणमूल्यांत म्हणण्यासारखा फरक त्यांना दिसला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी वेळा आढळले. 2014 मध्ये ब्रिटनमध्ये 343 शोधनिबंधांचे जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा घातक धातू कमी आढळला, आणि कीटकनाशकांचे अंश सापडण्याचे प्रमाण साध्या पिकांत सुमारे चौपट होते. दोन्ही आढाव्यांचे एकमत होते ते अंशांच्या मुद्द्यावर, आणि पैसे द्यायचे असतील तर त्यासाठीच द्यावेत, असे मला वाटते.

हा मुद्दा प्रत्येक भाजीला सारखा लागू होत नाही. वांग्यावर शेंडे आणि फळे पोखरणारी अळी पडते, कोबी-फ्लॉवरवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो, आणि एकदा का ही कीड आत शिरली की ती फवारणीला दाद देत नाही. त्यामुळे शेतकरी आधीपासून आणि वरचेवर फवारत राहतो. भारतातून जाणारी भेंडी आणि कढीपत्ता युरोपीय संघाने कीटकनाशकांच्या अंशांसाठी वाढीव तपासणीच्या यादीत घातले आहेत, यावरूनही कल्पना येईल. पालेभाज्यांना काढून टाकण्यासारखी साल नसते, त्या आपण पानासकट खातो, म्हणून त्यांचाही विचार आधी करावा. याउलट दुधी, लाल भोपळा, सुरण किंवा कांदा यांची साल काढूनच आपण ते शिजवतो. तेव्हा पेटीत भाज्या निवडण्याची मुभा असेल, तर पालेभाज्या, वांगी, भेंडी, फ्लॉवर, मिरची, कढीपत्ता आणि कोथिंबीर यांना पहिला मान द्या. चार किलो भोपळा आणि रताळी भरून आलेली पेटी 900 रुपयांना घेण्यात फारसा अर्थ नाही.

भाजी धुण्याने किती साधते, हेही येथे सांगायला हवे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 2017 मध्ये सफरचंदांवर झालेल्या प्रयोगात, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरची दोन कीटकनाशके निघून गेली, परंतु सालीत मुरलेला भाग निघाला नाही. म्हणजे मंडईची भाजी घेणाऱ्या घराने नीट धुणे हा बिनखर्चाचा आणि उपयोगी उपाय आहेच, पण तो पेटीची पूर्ण जागा घेत नाही. जी औषधे झाडाच्या रसातून सगळीकडे पसरतात, ती पाण्याने जात नाहीत.

खर्चाच्या चर्चेत सहसा न येणारी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अंश आपल्या ताटात येण्याआधी औषधाचा पहिला मारा फवारणाऱ्या माणसावर होतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते पीक कपाशीचे होते, भाजीचे नव्हते. पण पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फार तर रुमाल बांधून फवारणारा माणूस दोन्हीकडे तोच असतो. शिवाय रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, ग्राहकाने टोमॅटोसाठी दिलेल्या रुपयातले सुमारे 33 पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात असे दिसले. कांद्यात 36 आणि बटाट्यात 37. तुमच्या 900 रुपयांतले किती रुपये शेतापर्यंत जातात, हे पेटीवाल्याला अवश्य विचारा. आमचा शेतकरी स्वतःच पेटी भरतो आणि स्वतःच टेम्पो आणतो, त्यामुळे वाहतूक सोडली तर पैसे त्याच्याच घरात राहतात. आमच्याकडची बरीच कुटुंबे चढा दर देऊनही टिकली, त्याचे हे एक मोठे कारण आहे. मधली कंपनी निम्मे पैसे ठेवणार असेल, तर तोच जादा दर मला तितका रास्त वाटणार नाही.

खात्री कशी करावी, असा प्रश्न पुढे येईलच. भारतात सेंद्रिय शेतीच्या प्रमाणीकरणाच्या दोन वाटा आहेत. एक राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, जो 2001 पासून आहे आणि ज्यात वार्षिक पिकांसाठी साधारणपणे पेरणीआधीची किमान दोन वर्षे जमीन रसायनांविना ठेवावी लागते. दुसरी पीजीएस-इंडिया या सहभागी हमी पद्धतीची, जिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला यांपैकी एका वाटेने यावे लागते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला मात्र त्यातून सूट आहे. म्हणून एकट्या शेतकऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल, तर तेवढ्यावरून संशय घेऊ नका. परंतु अनेक ठिकाणांहून माल गोळा करून विकणाऱ्या कंपनीकडे ते मागायला संकोच करू नका, आणि त्यावरची मुदत व पिकांची नावे वाचून घ्या. पेटीवर ‘विषमुक्त’ किंवा ‘नैसर्गिक’ छापलेले असले, तरी ते प्रमाणपत्र नव्हे. पानांना पडलेली भोकेसुद्धा पुरावा मानू नका, कारण फवारलेल्या शेतातही कीड असतेच.

मला सर्वांत भरवशाची वाटते ती शेतभेट. दशपर्णी आणि निंबोळी अर्क (झाडपाल्याच्या फवारण्या), जीवामृत (शेण-गोमूत्राचे द्रवरूप खत), कामगंध सापळे (गंधाने पतंग पकडणारे) यांबद्दल खरा सेंद्रिय शेतकरी तपशीलवार बोलतो. कोणते पीक त्याला जमत नाही, हेही तो आपणहून सांगतो. आमचा शेतकरी पावसाळ्यात फ्लॉवर देत नाही, कारण औषधाशिवाय तो हाती लागत नाही, असे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले होते. पेटीतल्या भाज्या ऋतूप्रमाणे बदलतात की नाही, हेही पाहावे. पुरंदरचा वाटाणा भर पावसाळ्यात येतो, तेव्हा ऑगस्टमधल्या मटारवर संशय घेण्याचे कारण नाही. पण मे महिन्यात ताजा मटार आणि बाराही महिने सारखाच फ्लॉवर देणाऱ्याला तो माल कोठून येतो, हे विचारलेच पाहिजे.

यानंतरचा भाग स्वयंपाकघराचा. माझ्या पाहण्यात पेट्या बंद झाल्या त्या प्रामुख्याने येथे. पैशांमुळे फारच थोड्या. मंडईत आपण काय करायचे ते ठरवून भाजी घेतो. पेटीत भाजी आधी येते आणि बेत नंतर ठरतो. एखाद्या आठवड्यात मेथी, चुका, चाकवत आणि अंबाडी अशा चार जुड्या एकदम येतात, आणि त्या निवडायला बसणारे कोणी घरात नसेल, तर बुधवारपर्यंत पिशवीत त्यांचे पाणी झालेले असते. तुम्ही दोघे नोकरीला आहात, म्हणजे हे काम सासूबाईंवर पडेल अशी शक्यता आहे. तेव्हा पेटी सुरू करण्याआधी त्यांना मोकळेपणाने विचारा. त्यांना निवडानिवडीची हौस असेल, तर पेटी त्यांना आवडेल, आणि चुक्याची डाळ, चाकवताची पातळ भाजी, अंबाडीची भाकरीबरोबरची भाजी हे पदार्थ तुमच्या मुलीच्या ताटात नियमाने येतील. त्यांना ते काम नको असेल, तर शनिवारी संध्याकाळचा तास-दीड तास तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना द्यावा लागेल. तो कोण देणार हे आधी ठरले पाहिजे, कारण पेटीच्या किमतीत ही मेहनत धरलेली नसते.

भाजी संपवण्याचा क्रम सोपा आहे : पालेभाज्या शनिवार ते सोमवार, मग वांगी, भेंडी आणि गवार, आणि शेवटी दुधी, भोपळा, कोबी. पालेभाजी न धुता, निवडून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवली की दोन दिवस जास्त टिकते. मुलगी मोजक्याच भाज्या खाते असे तुम्ही लिहिले आहे. पालक, चाकवत किंवा दुधी थालीपीठ आणि पराठ्याच्या पिठात घालता येतो, पण आठवडाभर सगळेच पिठात मळून संपवावे लागत असेल, तर पेटी तुमच्या घरच्या चवीशी जुळत नाही असे समजावे.

दराबद्दल आणखी एक. पेटीचा दर वर्षभर एकच असतो आणि मंडईचा हलता. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा आमच्या पेटीची किंमत बदलली नाही. उलट हंगामात मंडईत टोमॅटो मातीमोलाने विकला जातो, तेव्हा तीच पेटी डोळ्यांत खुपते. म्हणून एखाद्या आठवड्याची तुलना करून निर्णय घेऊ नका. हिवाळ्यातला एक महिना आणि पावसाळ्यातला एक महिना, असे दोन्ही पाहा. पुण्याच्या आसपास भाजीची खरी रेलचेल कार्तिकापासून माघापर्यंत असते, आणि त्या काळात पाहिलेली पेटी जुलैत तशी असणार नाही.

तुमच्या जागी मी असते, तर निम्मी पेटी मागितली असती, किंवा शेजारच्या एका घराबरोबर पेटी वाटून घेतली असती. तीन किलोंत पालेभाज्या, वांगी, भेंडी अशा फवारणीच्या दृष्टीने नाजूक भाज्या येतात, जादा खर्च महिन्याला हजाराच्या आत राहतो, आणि उरलेली भाजी मंडईतून किंवा शेतकरी आठवडे बाजारातून आणता येते. महिनाभर शुक्रवारी रात्री, पुढची पेटी येण्याआधी, टाकून द्यावी लागलेली भाजी काट्यावर ठेवून तिचे वजन कॅलेंडरवर लिहा.

सहा महिन्यांचे पैसे आताच भरू नका. दहा टक्के म्हणजे आठवड्याला 90 रुपये वाचतात खरे, पण 26 आठवड्यांचे मिळून एकवीस हजारांच्या आसपास रुपये एका अनोळखी विक्रेत्याकडे अडकतात, आणि पेटी मानवली नाही तर ते परत मिळवणे कठीण असते. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने असे पैसे भरले होते. विक्रेत्याने दोन महिन्यांत पुरवठा थांबवला आणि पैशांसाठी त्यांना पुष्कळ पाठपुरावा करावा लागला. पहिले दोन-तीन महिने महिन्याचेच पैसे द्या. पावसाळ्यातली पेटीही समाधानकारक वाटली आणि शेत स्वतः पाहून झाले, तर दिवाळीनंतरच्या हंगामासाठी आगाऊ रक्कम द्यायला हरकत नाही. ती थेट शेतकऱ्याच्या हाती जात असेल तर अधिक चांगले, कारण रब्बीच्या बियाण्याला आणि मजुरीला त्याला नेमके तेव्हाच पैसे लागतात. सुट्टीत गावाला जाताना आठवडा वगळता येतो का आणि त्याचे पैसे पुढे धरले जातात का, हे मात्र पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या.