दोन लहान मुलं, नोकरी आणि सायकल: वेळ कुठून आणता?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा, ऑफिस साडेनऊचं आणि सायकलची हौस कॉलेजपासूनची. विचारलंय की बाकीच्या आया वेळ कुठून आणतात, आणि मुलगा रडत असताना घराबाहेर पडायला जीव कसा धजतो. दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येते. आधी वेळेचं सांगते, कारण त्यात मी स्वतः दीड वर्षं चुकत होते आणि तीच चूक तुम्ही करू नये असं मनापासून वाटतं.

मी पुण्यात वारज्याला राहते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा. घरात सासूबाई आहेत. हिशेबाची नोकरी आहे, दहाला टेबलावर असावं लागतं. मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे शिवणे, उत्तमनगर, कोंढवे धावडे करत एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) कडेने कुडज्याच्या बाजूला जाते. जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटरच्या आसपास होतं. रविवारी जमलं तर खडकवासला, पाय चांगले असतील तर पुढे डोणजे. सिंहगडाचा घाट वर्षातून दोन-चारदा. एवढंच. स्पर्धा वगैरे काही नाही.

आता ती चूक. सुरुवातीला मी साडेतीनला उठायचे. भाजी, पोळ्या, मुलांचे डबे, सासूबाईंचा चहा थर्मासमध्ये, मशीनला कपडे, आणि मग पाचला सायकल. मनात हिशेब असा होता की कुणाचं काहीच अडलं नाही, तर कुणाला बोलायला जागा राहणार नाही. म्हणजे माझा तो एक तास मी दुप्पट काम करून विकत घेत होते. घरात कुणी तसं म्हटलं नव्हतं बरं का. मीच ठरवून टाकलं होतं. झोप चार-साडेचार तास. दुपारी आकडे डोळ्यांसमोर हलायचे, संध्याकाळी मुलांवर ओरडणं व्हायचं आणि रात्री त्याचं वाईट वाटायचं.

मग एका डिसेंबरात उतारावर गतिरोधक दिसलाच नाही. डोळे उघडे होते, दिवा लागलेला होता, रस्ता रोजचा होता. झोपच इतकी साचली होती की समोरचं डोक्यापर्यंत पोचलं नाही. डाव्या मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर, पाच आठवडे प्लास्टर.

त्या पाच आठवड्यांत घर चाललं. हे मला तुम्हाला अगदी ठळक सांगायचंय. नवऱ्याने डबे केले. मुलीने स्वतःची वेणी स्वतः घातली, वाकडी, पण घातली. सासूबाई म्हणाल्या, "मला चहा करता येतो गं, तू कधी करूच दिला नाहीस." मी पोळपाटाला हात न लावता मुलं शाळेत वेळेवर पोचत होती. मग दीड वर्ष मी साडेतीनला कुणासाठी उठत होते?

प्लास्टर निघाल्यावर आम्ही दोघं बसलो आणि ठरवलं: मंगळवार-गुरुवारचा डबा त्याचा. मदत म्हणून नाही, त्याचं काम म्हणून. भाजी कोणती, ती आहे की नाही, पोळ्या करायच्या की सोसायटीतल्या काकूंकडून आणायच्या, सगळं त्याचं त्याने बघायचं. माझ्यासाठी अवघड होतं ते त्यात तोंड न घालणं. पहिला महिनाभर दर गुरुवारी बटाट्याच्या काचऱ्या जात होत्या. माझा हात शिवशिवायचा की रात्रीच फरसबी चिरून ठेवावी. नाही ठेवली. आता त्याची मुगाची धिरडी माझ्यापेक्षा चांगली होतात आणि मुलं गुरुवारची वाट बघतात. तुम्हीही वाटणी कराल तेव्हा काम पूर्ण सोडा. अर्धं सोडलं की उरलेलं अर्धं रात्री अकराला आपल्याच गळ्यात येतं.

आणखी एक. "नवरा किती सपोर्टिव्ह आहे गं" हे वाक्य तुम्हाला फार ऐकू येईल. माझा नवरा चांगला आहे, मला तो आवडतो, पण तो दर शनिवारी क्रिकेट खेळायला जातो तेव्हा मला कुणी सपोर्टिव्ह म्हटलेलं नाही. तुमच्या मनात उपकाराची भावना यायला लागली तर ही गोष्ट आठवा.

सासूबाईंचं वेगळंच निघालं. मला वाटायचं त्यांना सुनेचं सायकल चालवणं पसंत नाही. एकदा सरळ विचारलं तर कळलं, सायकलचं काहीच नव्हतं, त्यांना अंधाराची काळजी होती. त्या स्वतः सत्तरच्या दशकात शनिवार पेठेतून नोकरीला सायकलवर जायच्या, गोल साडी नेसून, मागच्या चाकाला जाळी लावलेली. दिवा नसला तर पोलीस अडवायचे, म्हणून डायनामो बिघडला की उतरून हातात धरून घरी यायच्या. तेव्हा त्यांची अट एकच: दिव्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. ती अट मी आजही पाळते. पुढे पांढरा दिवा, मागे लाल ब्लिंकर, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, जूनमध्ये सहाच्या आसपास, त्यामुळे हिवाळ्यात माझी निम्मी राइड अंधारात होते. त्या महिन्यांत मी एकटी गावाबाहेर जात नाही, दिव्यांच्या रस्त्यावरच फेऱ्या मारते किंवा मैत्रिणीबरोबर जाते. आता जुलैत मी परत आले की सासूबाईंचा पहिला प्रश्न असतो, "धरण किती भरलं?" 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. खडकवासल्याचं पाणी त्यांच्यासाठी नुसतं बघायला जायचं पाणी नाही. मी फोटो काढून आणते, त्या चष्मा लावून बघतात.

रोजच्या व्यवहाराचं सांगायचं तर पहाटेची राइड आदल्या रात्री होते. कपडे हॉलमधल्या खुर्चीवर, म्हणजे बेडरूमचा दिवा लावावा लागत नाही आणि धाकटा उठत नाही. मोजे बुटात. बाटली भरलेली. टायर अंगठ्याने दाबून बघायचा, मऊ लागला तर रात्रीच हवा. खिशात थोडे पैसे आणि एक चिठ्ठी, तिच्यावर रक्तगट आणि घरचा नंबर. साडेनऊनंतर फोन हातात घ्यायचा नाही, दहाला अंथरुणात. दहाला झोपणं झालं नाही तर सकाळची राइड रद्द, हा माझा स्वतःचा नियम आहे आणि तो मनगटाने शिकवलाय. मुलाला ताप आला, मुलीची परीक्षा असली, पाहुणे असले तरी रद्द. रद्द झालेली राइड दुसऱ्या दिवशी भरून काढायची नाही. उधारी ठेवली की चिडचिड सुरू होते.

शरीराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं दुसरं सिझेरियन होतं. डॉक्टरांना विचारून, मुलगा वर्षाचा झाल्यावरच मी सीटवर बसले. तुम्हीही आधी विचारून घ्या. सीट टोचते म्हणून कितीतरी जणी महिन्याभरात सायकल विकतात. बहुतेक वेळा दोष उंचीत असतो. सीटवर बसून पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारताना तो हलकासा वाकलेला राहतो, तेवढाच हवा. पॅडवाली सायकलिंग शॉर्ट्स घेतलीत तर ती आत काही न घालता घालायची असते. हे न कळल्यामुळे मी दोन महिने शिवणीने कातडी सोलून घेतली. पाळीच्या पहिल्या दिवशी मी जात नाही, माझी एक मैत्रीण जाते. त्यात नियम नाही.

पंक्चर काढायला मात्र शिकाच. पहाटे साडेपाचला कुडज्याच्या रस्त्यावर कुठलंही दुकान उघडं नसतं. एक जास्तीची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप, एवढं सीटखालच्या पिशवीत मावतं. मी घरी गॅलरीत तीनदा सराव केला, मुलगी घड्याळ लावून बसायची. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, आता बारा. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळू, पूर्ण गोल. बाभळीचा काटा बाहेरून दिसत नाही, आत मोहरीएवढं टोक असतं. तो राहिला तर नवी ट्यूब शंभर मीटरवर पुन्हा बसते. माझ्या बोटाला तो पहिल्यांदा लागला तेव्हा रक्ताचा थेंब आला आणि मला इतका आनंद झाला की मी तो काटा रुमालात बांधून घरी आणला.

ग्रुपबद्दल. बायकांचा एखादा ग्रुप जवळपास असेल तर नक्की जोडून घ्या. अंधाराची भीती कमी होते आणि मागे राहिलेलीसाठी कुणीतरी थांबतं. पण ग्रुपवर रोज कुणाचे तरी शंभर किलोमीटर येऊन पडतात, कुणीतरी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड, पूर्ण करतं. दोनशे किलोमीटरची बीआरएम साडेतेरा तासांत संपवायची असते. मला त्या बायकांचं फार कौतुक आहे. मला मात्र सध्या ती नको. साडेतेरा तास रस्त्यावर राहायचं तर त्याआधी कित्येक महिन्यांचे रविवार द्यावे लागतात, आणि माझे रविवार सध्या मुलांच्या अंगाला चिकटलेले आहेत. ते मला तसेच हवेत. माझे पंचवीस किलोमीटर मला पुरतात, हे म्हणायला मला दोन वर्षं लागली.

आता रडण्याचं. माझा मुलगा अडीच-तीनचा असताना सहाला जागा व्हायचा आणि दार धरून बसायचा. मी तीन-चार वेळा लपून निघाले. ते सगळ्यात वाईट झालं, कारण मग तो रात्रीही माझा गाऊन मुठीत धरून झोपायला लागला. नंतर सांगून जायला लागले: "उद्या आई सायकलवर जाणार, तू उठशील तेव्हा बाबा असेल, दूध पिऊन होईपर्यंत आई येईल." आणि खरंच तेवढ्यात यायचे. वाटेत कितीही छान वाटलं तरी दूध संपायच्या आत. आठवडाभर रडला, मग कमी झालं. ब्लिंकर चार्जिंगला लावायचं काम त्याला दिलं. रात्री तो लाल दिवा तीनदा दाबून बघतो आणि मगच झोपतो. मला अपराधी वाटतं का? वाटतं, अजूनही, तो आजारी असताना ऑफिसला जाते तेव्हा वाटतं तितकंच. पण ऑफिस सोडायचा विचार त्यावरून कधी केला नाही, तर मग सायकल का सोडावी?

मागच्या दिवाळीत त्याची स्वतःची सायकल आली, सोळा इंची. बाजूची छोटी चाकं काढली तर घाबरायचा. मग मी दोन्ही पॅडलच काढून टाकली आणि सीट पाय टेकतील इतकी खाली घेतली. (काढणार असाल तर लक्षात ठेवा, डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. मी अर्धा तास चुकीच्या बाजूला जोर लावत होते आणि सासूबाई खुर्चीतून सांगत होत्या.) पार्किंगमध्ये तो पायाने ढकलत, मग पाय उचलत फिरायला लागला. चौथ्या दिवशी पॅडल परत बसवली आणि तो सरळ निघून गेला, मागे न बघता, पाण्याच्या टाकीपर्यंत.

तुमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे, म्हणून सध्या आठवड्यातले दोन-तीन दिवस डोक्यातून काढून टाका. फक्त रविवार, पाऊण तास, घरापासून दहा मिनिटांत परत येता येईल इतक्याच अंतरात. नवी सायकल लगेच घेऊ नका, कुणाची तरी महिनाभर मागून घ्या. नवऱ्याशी बोलताना "जाऊ का?" असं विचारू नका, "रविवारी सहा ते पावणेसात मी नाहीये, दूध तू देशील" असं सांगा. आणि पहिल्या रविवारी परत आल्यावर ओटा कसा दिसतोय ते बघायला जाण्याआधी आंघोळ करून घ्या.